सेलर डोअरला भन्नाट, घरी आल्यावर जॅम: तुमची शिराझ बहुतेक वाटेत तापली

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बारोसात एका छोट्या वायनरीच्या सेलर डोअरला (वाईन चाखून विकत घ्यायची जागा) चाखलेली शिराझ ही लाल वाईन तिथे मिरी, जांभूळ, चॉकलेट अशी उलगडत गेली आणि तीच सहा बाटल्यांची पेटी मेलबर्नला घरी आल्यावर नुसती अल्कोहोल आणि जॅम लागते. तांबड्या रश्श्याच्या बेताला दोन बाटल्या फोडल्या तर मित्र हसले. आता उरलेल्या चारांचं काय करू, आणि माझ्या जिभेतच खोट आहे का, असं तुम्ही विचारलंय. जिभेत खोट नाही. "पेटी जानेवारीत कुरिअरने मागवली" हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात, माझं लक्ष तिथेच अडकलं, कारण जानेवारी म्हणजे इथला ऐन उन्हाळा. मी याच फेऱ्यातून गेलोय.

ग्लास कसा फिरवायचा, नाक कुठे घालायचं वगैरे सोडून देतो, सेलर डोअरला एवढं सगळं ओळखलंत म्हणजे ते तुम्हाला येतंच. (मी सोमेलिए म्हणजे वाईनतज्ज्ञ नाही, केमिस्टही नाही. बरीच वर्षं अ‍ॅडलेडमध्ये राहून शिराझ पिणारा माणूस, एवढंच.)

आधी दोन साध्या शक्यता. बाटली ओट्यावरून थेट ग्लासात गेली असेल तर ती २८-३० अंशांवर होती. बारोसाची शिराझ साधारण साडेचौदा-पंधरा टक्क्यांची, त्या तापमानाला अल्कोहोलच आधी नाकात शिरतं. अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांवर प्या. कुणी नाकं मुरडली तर मुरडू द्या. दुसरं म्हणजे तांबडा रस्सा. लाल तिखट आणि एवढं अल्कोहोल एकत्र आलं की नुसती आग होते, टॅनिन (वाईनमधला तुरटपणा) कडू लागतं आणि फळ गायब. मला शिराझबरोबर भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणातलं, तिखट बेताचं असलेलं सुकं मटण आवडतं, आणि खरपूस भाजलेल्या वांग्याचं भरीत तर फारच. रश्श्याबरोबर बिअर घ्या. हे माझं मत, कोल्हापूरकरांनी रागावू नये.

पण या दोन्हींनी वाईन दबते, मरत नाही. तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या दिवशी उरलेली नुसती प्यायलात तेव्हाही "शिजवलेल्या मनुकांसारखी" लागली. चांगली तरुण शिराझ दुसऱ्या दिवशी बऱ्याचदा आणखी खुलते. तुमची खुलली नाही, म्हणून मला वाटेवर संशय आहे.

माझी गोष्ट २०१९ ची. मुलगी २०१६ ची, म्हणून एका नवरा-बायकोच्या वायनरीतून २०१६ ची शिराझ मागवली, ती अठरा वर्षांची झाली की उघडायची या बेताने. दोन हॉग्जहेड पिंपं, म्हणजे सगळी मिळून साधारण आठशे बाटल्या, एवढंच त्यांचं त्या वर्षीचं उत्पादन. पेटी निघाली आणि २४ जानेवारी उजाडला. त्या दिवशी अ‍ॅडलेडमध्ये ४६.६ अंश होते. मी दिवसभर घरात. बेल वाजली नाही, संध्याकाळी टपालपेटीत कार्ड मात्र होतं: "आपण घरी नव्हता." माझ्या पार्सलला मोठ्या माणसाची सही लागणार होती, त्यामुळे दाराशी ठेवून जाता येत नव्हतं हे मान्य. पण बेल? शुक्रवारी डेपोवर गेलो तर "व्हॅन उतरवली नाही, मंगळवारी या." शनिवारी ऑस्ट्रेलिया डे, त्याची सुट्टी सोमवारी. पत्र्याच्या शेडमध्ये, नाहीतर बंद व्हॅनमध्ये, माझी पेटी तो सगळा लाँग वीकेंड शेकत पडली. मंगळवारी हातात आली तेव्हा पुठ्ठा अजून कोमट होता.

शंका आली म्हणून एक लगेच उघडली. जॅम.

मग सुरू झाली फोनाफोनी. कुरिअरचा दावा ऑनलाइन भरायचा, त्यात पर्याय तीनच: हरवलं, फुटलं, उशिरा मिळालं. "तापलं" नाही. फोनवरच्या बाईंनी विचारलं, बाटली फुटली का? नाही. गळली का? थोडी झिरपली. पेटी ओली आहे का? नाही. "मग नुकसान कसलं?" मी म्हटलं चव गेली. त्या म्हणाल्या, चवीचा विमा नसतो. वर, त्यांचं गिऱ्हाईक मी नाही, पाठवणारा आहे, म्हणून त्या माझ्याशी बोलू शकत नाहीत. पाठवणाऱ्याने फोन केला तर त्याला उत्तर: घेणाऱ्याने सही केली आहे, म्हणजे माल चांगल्या स्थितीत पोचला. म्हणजे सही केल्याशिवाय पेटी मिळत नाही आणि सही केली की तक्रार संपते! आजही लिहिताना डोकं तापतं. वायनरीवाले बिचारे भले, त्यांनी पुढच्या वर्षाची पेटी स्वतःच्या खर्चाने दिली, थंडीत. पण २०१६ संपली होती. मोठ्या ब्रँडची बाटली कुठल्याही दुकानातून पुन्हा आणता येते. छोट्या वायनरीची संपली की संपली.

म्हणून माझं ठाम मत: छोट्या वायनरीची वाईन डिसेंबर ते मार्च मागवूच नका. विकत तेव्हाच घ्या, पण "मे महिन्यात पाठवा" असं लेखी सांगा, बहुतेक जण आनंदाने पेटी राखून ठेवतात. पत्ता घरचा देण्याऐवजी ऑफिसचा द्या, जिथे दिवसभर कुणीतरी सही करायला असतं. स्वतः गाडीने आणत असाल तर डिकीत नको, एसी चालू असलेल्या भागात मागच्या सीटखाली ठेवा, आणि जेवायला थांबलात तर गाडी सावलीत लावून भागत नाही, हे मी सांगायला नको.

बाटली तापली हे ओळखायचं कसं? उष्णतेने वाईन फुगते, वरची हवा दाबली जाते, वाईन झाकणाकडून बाहेर झिरपते. थंड झाली की हवा आत ओढली जाते. बूच असेल तर ते किंचित वर आलेलं दिसतं, किंवा त्याच्या कडेने वरपर्यंत जांभळी रेघ असते. स्क्रूकॅपवर (पिळून उघडायच्या झाकणावर) खूण कमी मिळते: झाकणाच्या आतल्या कडेला चिकट काळपट डाग. डाग नसला म्हणजे वाईन ठीकच, असं मात्र नाही.

जॅमऐवजी उकडलेल्या अंड्याचा किंवा विझलेल्या काडीचा वास येत असता तर गोष्ट वेगळी होती. तो स्क्रूकॅपच्या बाटल्यांत कधी कधी साठलेला गंधकाचा वास, हवेने जातो. नाही गेला तर स्वच्छ घासलेली तांब्याची पळी ग्लासात क्षणभर फिरवून काढा, तांबं त्या संयुगांना पकडतं. पळी संध्येची असेल तर आईला कळू देऊ नका. ओला पुठ्ठा, कुबट तळघर असा वास आला तर दोष बुचाचा, त्याला उपाय नाही.

आता मिरीचं. तुमचा एक मित्र म्हणाला, "मिरी-बिरी काही नसतं, विकायच्या गोष्टी." असतं. त्या वासाच्या संयुगाचं नाव रोटंडोन, ऑस्ट्रेलियन वाईन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००८ मध्ये ते शिराझमध्ये दाखवलं. गंमत म्हणजे साधारण पाचातल्या एकाला त्याचा वास येतच नाही. तुमचा मित्र बहुधा त्यातला, खोटं बोलत नसेल. थंड भागात ते जास्त भरतं, म्हणून मिरी खरंच आवडली असेल तर बारोसापेक्षा तुमच्याच व्हिक्टोरियातल्या ग्रॅम्पियन्सची शिराझ घेऊन बघा. मेलबर्नहून गाडीने जाऊन येता येतं, कुरिअर लागत नाही.

राहिल्या चार बाटल्या. उघडू नका. आधी चारी झाकणांचे फोटो, पेटीवरच्या लेबलाचा आणि ट्रॅकिंगमधल्या तारखांचा स्क्रीनशॉट घ्या, त्या दिवसांचं मेलबर्नचं तापमान हवामान खात्याच्या साइटवरून काढा आणि हे सगळं वायनरीला मेल करा, कुरिअरला नाही. माझ्या समजुतीप्रमाणे इथल्या ग्राहक कायद्यात तुमचा व्यवहार विक्रेत्याशी असतो, त्याने तुम्हाला कुरिअरकडे पिटाळायचं नसतं. मी वकील नाही, तेव्हा राज्याच्या ग्राहक खात्याच्या साइटवर एकदा वाचून घ्या. सूर नरम ठेवा, छोटे लोक असतात. त्यांनी बाटल्या परत मागवल्या तर त्यांच्या खर्चाने पाठवा. "ठेवून द्या" म्हणाले तर मटण रस्सा शिजतानाच एक कप ओता, जॅम झालेली शिराझ तिथे वाईट लागत नाही.