वाचकांचे प्रश्न : सागरचित्रकाराचे चरित्र दुरुस्त करताना

मुक्त ज्ञानकोशात मराठी लेख लिहिणाऱ्या आणि तपासणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांना येथे उत्तरे दिली जातात. या वेळचे सगळे प्रश्न एकाच चरित्राभोवती फिरतात : काळ्या समुद्राचा चित्रकार इव्हान आयवाझोव्स्की (१८१७–१९००).

प्रश्न : आयवाझोव्स्कीवरचा मराठी लेख सुधारायला घेतला आहे. नऊशेएक शब्द आहेत, बराचसा यंत्राने भाषांतरित केलेला. सुरुवात कुठून करू? (नागपूर)

भाषेपासून करू नका. चुकीच्या वाक्याचे मराठी गोड झाले की ते खरे वाटू लागते आणि पुढचा तपासनीस तिथे थांबतच नाही. आधी लेख कागदावर छापून घ्या आणि प्रत्येक वाक्यापुढे तीनपैकी एक खूण करा : संदर्भ आहे व उघडून वाचला, संदर्भ आहे पण उघडला नाही, संदर्भच नाही. नऊशे शब्दांत साठ-सत्तर वाक्ये निघतील, म्हणजे दोन संध्याकाळचे काम. तिसऱ्या खुणेच्या वाक्यांना लगेच कात्री लावू नका. ‘संदर्भ हवा’ असा साचा लावा, चर्चापानावर यादी टाका आणि काही दिवस वाट पाहा.

संदर्भ उघडल्यावर तो आपल्याच लेखावरून उचललेला नाही ना, हेही पाहावे लागते. लेखाच्या इतिहासात ते वाक्य कधी आले ती तारीख काढा. संदर्भाचे पान त्यानंतरचे असेल आणि शब्दही तेच असतील, तर तो संदर्भ नव्हे, आरसा आहे.

मग यंत्राच्या चुका शोधा. सागरचित्रकारांच्या लेखांत त्या ठरावीक जागी असतात. ‘कॅनव्हासवर तेल’ म्हणजे कॅनव्हासवरील तैलरंग. ‘मुख्य नौदल कर्मचारी चित्रकार’ वाचून तो कारकून होता की काय असे वाटते. १८४४ मध्ये त्याला नौदलाच्या मुख्यालयाचा चित्रकार नेमले, एवढाच त्याचा अर्थ. ‘ब्रिग’ हे दोन डोलकाठ्यांचे जहाज. त्या शब्दाचा ‘तुरुंग’ झालेलाही आढळतो आणि मग ‘मर्क्युरी’ नावाचा तुरुंग दोन तुर्की जहाजांशी लढतो! ‘रेषेचे जहाज’ म्हणजे रांगेत उभे राहून तोफा डागणारी मोठी युद्धनौका. आणखी एक : पहिल्या परिच्छेदात ‘त्याने’ आणि पुढच्यात ‘त्यांनी’ असे अर्धेमुर्धे ठेवू नका. एकेरी किंवा आदरार्थी, एक ठरवा आणि शेवटपर्यंत तेच चालवा.

प्रश्न : मृत्यूच्या तीन तारखा सापडतात : १९ एप्रिल, १ मे आणि २ मे १९००. कोणती ठेवू? (कोल्हापूर)

२ मे. १९ एप्रिल ही चूक नाही, ती ज्युलियन कालगणनेची तारीख आहे. रशियात फेब्रुवारी १९१८ पर्यंत तीच चालत होती. १ मे मात्र निखालस चूक आहे आणि ती कशी होते हे कळले की पुन्हा होणार नाही.

एकोणिसाव्या शतकात ज्युलियन आणि आजची ग्रेगोरियन या दोन कालगणनांत १२ दिवसांचा फरक होता. म्हणून जन्म १७ जुलै १८१७ अधिक १२, म्हणजे २९ जुलै. हाच आकडा मृत्यूच्या तारखेला लावला की १ मे येतो. पण १९०० हे ज्युलियन गणनेत लीप वर्ष होते, ग्रेगोरियनमध्ये नव्हते. ज्युलियन १ मार्च १९०० पासून फरक १३ दिवसांचा झाला. १९ एप्रिल अधिक १३, म्हणजे २ मे.

माहितीचौकटीत (लेखाच्या बाजूच्या तपशिलांच्या चौकटीत) नवी तारीख द्या आणि कंसात ‘जुनी गणना : १९ एप्रिल’ असे लिहा. विकिडेटावर, म्हणजे चौकटीला तपशील पुरवणाऱ्या सामायिक माहितीसाठ्यावर, कोणती गणना निवडली आहे तेही बघा. तिथे जुनी तारीख ग्रेगोरियन म्हणून भरलेली असली तर चौकट तुमची दुरुस्ती निमूटपणे झाकून टाकते. वयही मोजून घ्या : जन्म जुलैचा, मृत्यू मेमधला, म्हणजे ८२ वर्षे. नुसती वजाबाकी करणारे ८३ लिहून बसतात.

प्रश्न : तो रशियन, आर्मेनियन की युक्रेनियन? या एका शब्दावरून आमच्या चर्चापानावर तीन आठवडे ओढाताण चालू आहे. (पुणे)

पहिल्या वाक्यात एकच विशेषण बसवायच्या हट्टापायी हे होते. वस्तुस्थितीचे तुकडे वेगवेगळे मांडा. तो आर्मेनियन कुटुंबात जन्मला. बाप्तिस्म्याचे नाव होव्हान्नेस आयवाझ्यान. जन्मगाव फिओदोसिया, क्रिमिया, तेव्हा रशियन साम्राज्यात. शिक्षण सेंट पीटर्सबर्गच्या शाही कला अकादमीत. ‘रशियन साम्राज्यातील आर्मेनियन सागरचित्रकार’ एवढ्या शब्दांत यातले बहुतेक येते. जन्मस्थळाच्या रकान्यात त्या काळचे राज्य लिहा. २०१४ पासून क्रिमिया रशियाच्या ताब्यात आहे आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर तो युक्रेनचा भाग मानला जातो, ही माहिती फिओदोसियाच्या लेखात शोभते. माहितीचौकटीत तिचे भांडण नको. वाद एकट्या मराठीतला नाही. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयालाही २०२३ मध्ये त्याच्या चित्राखालची पाटी बदलावी लागली.

नावाचा आणखी एक उपयोग आहे. सुरुवातीला तो ‘गायवाझोव्स्की’ अशी सही करत असे आणि १८४० च्या आसपास ‘आयवाझोव्स्की’ करू लागला. चित्राच्या तारखेबद्दल शंका असेल तर सहीची ही दोन रूपे कामी येतात, म्हणून दोन्ही लेखात हवीत. मराठीत शीर्षक ‘इव्हान आयवाझोव्स्की’ ठेवा आणि ‘ऐवाझोव्स्की’, ‘आयवाझोवस्की’ इथून पुनर्निर्देशने करा. लोक शोधताना असेच टंकतात.

प्रश्न : ‘त्याने ६००० चित्रे काढली’ आणि ‘रोममध्ये टर्नरने त्याच्यावर कविता केली’ ही वाक्ये ठेवावीत का? (ठाणे)

दोन्ही ठेवता येतील. आत्ता आहेत तशी नव्हे.

सहा हजारांचा आकडा सगळीकडे फिरतो. साठ वर्षांच्या कारकिर्दीला भागले तर वर्षाला १००, म्हणजे दर साडेतीन-पावणेचार दिवसांना एक. भराभर रंगवणाऱ्याला हे अशक्य नाही. तो उघड्यावर समोर समुद्र ठेवून रंगवत नसे. पेन्सिलची टिपणे आणि स्मरण यांवर चित्रशाळेत काम करी. मात्र या संख्येत भिंतभर कॅनव्हासही येतात आणि स्वतःच्या छायाचित्रात बसवून भेट दिलेली तळहाताएवढी सागरचित्रेही. म्हणून ‘सुमारे ६००० चित्रे त्याच्या नावावर सांगितली जातात’ असे लिहा आणि कोण सांगते ते लगेच जोडा. ‘असे म्हणतात’ एवढ्यावर वाक्य सोडले तर तपासनीस ते परत पाठवणारच.

इंग्रज चित्रकार टर्नर रोममध्ये त्याला भेटला ही गोष्ट १८४२ ची म्हणून सांगतात. असा दावा दोन्ही बाजूंनी तपासायचा असतो. आयवाझोव्स्कीच्या बाजूने तो जुळतो, कारण १८४० पासून तो इटलीत होता आणि १८४१ चे त्याचे ‘केऑस’ हे चित्र पोप सोळाव्या ग्रेगरीने घेतले होते. आता टर्नरच्या चरित्रात जा : रोमच्या त्याच्या ज्ञात भेटी १८१९-२० आणि १८२८-२९ च्या आहेत, आणि १८४२ च्या उन्हाळ्यात तो स्वित्झर्लंडमध्ये होता. तेव्हा भेट घडली असे सरळ विधान करू नका. ‘आयवाझोव्स्कीच्या चरित्रांत अशी भेट सांगितली आहे, टर्नरच्या ज्ञात प्रवासांशी ती जुळत नाही’ असे लिहा. गोष्ट गाळू मात्र नका. वाचकाने ती कुठेतरी वाचलेली असते आणि तो ती शोधतच येतो.

प्रश्न : चित्रांच्या विभागात नुसती नावांची यादी आहे. त्याचे काय करायचे? (रत्नागिरी)

लेखातली सगळ्यात कच्ची जागा बहुधा हीच असते. माणसाचे लग्न, पदके, राजे-महाराजे सगळे तपशीलवार, आणि समुद्र कुठेच नाही! चाळीस नावांची यादी चारवर आणा आणि प्रत्येकी पाच-सहा वाक्ये लिहा. ‘नववी लाट’ (१८५०), ‘काळा समुद्र’ (१८८१), ‘लाटांमध्ये’ (१८९८) आणि एखादे नौयुद्ध, समजा ‘चेस्मेची लढाई’ (१८४८), एवढी पुरतात.

वर्णनाचा क्रम ठरवून घ्या : क्षितिज कुठे आहे, उजेड कुठून येतो, पाणी कसे आहे, जहाज वा माणसे आहेत का, आणि असली तर किती मोठी. ‘नववी लाट’मध्ये रात्रीच्या वादळानंतरची पहाट आहे. धुक्यामागे सूर्य, त्याचा पिवळा-केशरी उजेड पाण्यावरून खाली उतरतो, आणि खालच्या भागात तुटलेल्या डोलकाठीला बिलगलेली माणसे. लाटेचा वरचा पातळ भाग हिरवट, आरपार दिसणारा आहे, कारण उजेड मागून येतो. एकावर एक पातळ, पारदर्शक थर देण्याची त्याची पद्धत इथेच सांगावी; वेगळ्या ‘तंत्र’ विभागात ती कोरडी पडते. नऊ लाटांत नववी सर्वांत मोठी, ही खलाशांची समजूत शीर्षकामागे आहे, तेही एका वाक्यात येऊ द्या. ‘काळा समुद्र’मध्ये याच्या उलट : ना पहाट, ना बुडणारी माणसे; नुसते पाणी आणि आभाळ, आणि क्षितिजावर पुसट जहाज. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की एकतीस वर्षांत काय बदलले ते ‘महान’, ‘अप्रतिम’ न म्हणताही दिसते.

मापांत एक हमखास गफलत होते. संग्रहालये आधी उंची आणि मग रुंदी देतात. ‘नववी लाट’ २२१ × ३३२ सेंमी आहे, म्हणजे उंची २२१. मराठीत ‘लांबी २२१, रुंदी ३३२’ असे केले की वाचकाच्या डोळ्यांपुढे आडवे चित्र उभे राहते, अक्षरशः. ‘लाटांमध्ये’ २८५ × ४२९ सेंमी आहे. ठिकाणेही पाहा : ‘नववी लाट’ सेंट पीटर्सबर्गच्या रशियन संग्रहालयात, ‘काळा समुद्र’ मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह दालनात, ‘लाटांमध्ये’ फिओदोसियाच्या त्याच्याच नावाच्या दालनात.

छायाचित्राची अडचण नाही. चित्रकाराचा मृत्यू १९०० चा, त्यामुळे चित्रांवर प्रताधिकार उरलेला नाही आणि सपाट चित्राची हुबेहूब प्रत कॉमन्सवर, म्हणजे ज्ञानकोशाच्या मुक्त चित्रसाठ्यावर, चालते. भिंतीवरच्या सोनेरी चौकटीसकट काढलेला फोटो मात्र छायाचित्रकाराच्या परवानगीशिवाय चालत नाही, कारण चौकट सपाट नसते. कापून फक्त चित्र ठेवा.

प्रश्न : ‘गावाला रोज ५०,००० बादल्या पाणी दिले’ हे खरे की दंतकथा? (सोलापूर)

खरे. १८८०च्या दशकाच्या अखेरीस त्याने सुबाश येथील आपल्या झऱ्याचे पाणी फिओदोसियाला देऊ केले. पण इथली ‘बादली’ न्हाणीघरातली नव्हे. वेद्रो हे रशियन माप, सुमारे १२.३ लिटरचे. म्हणजे रोज सव्वासहा लाख लिटरच्या थोडे आत. ‘५०,००० वेद्रो (सुमारे ६.१५ लाख लिटर)’ असे लिहा.

प्रश्न : लिलावगृहाची सूची संदर्भ म्हणून चालेल का? (पणजी)

चित्र आधी कोणाकडे होते, माप किती, किती रकमेला गेले, यासाठी चालेल. ‘त्याच्या सर्वश्रेष्ठ कृतींपैकी एक’ अशा वाक्यासाठी नाही. विकणारा आपल्या मालाला दुसरे काय म्हणणार? आयवाझोव्स्कीच्या नावाने नकली चित्रे पुष्कळ फिरतात. म्हणून लेखाच्या माथ्यावरचे चित्र संग्रहालयातलेच घ्या आणि चित्राखालच्या ओळीत संग्रहालयाचे नाव लिहा.