विक्रेत्यांचे प्रश्न : पैसे परत दिले, तरी रेटिंग का घसरले?

ऑनलाइन विक्री करणाऱ्या वाचकांची या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे रिफंड आणि रेटिंग यांविषयीच आहेत. त्यांतली पाच इथे घेतली आहेत. प्रत्येक पत्राखाली नागपुरातल्या वस्तीचे नाव आहे.

मी घरगुती सावजी मसाला अ‍ॅमेझॉनवर विकते आणि पार्सल स्वतःच कुरिअरने पाठवते. मे महिन्यात दोन ग्राहकांच्या बरण्या गळल्या. दोघांनाही पूर्ण पैसे परत दिले. एकाची कुठेच नोंद झाली नाही, दुसऱ्याची मात्र 'ऑर्डर डिफेक्ट रेट'मध्ये, म्हणजे दोषी ऑर्डरींच्या टक्केवारीत, चढली. असा दुजाभाव का? – इतवारी

दुजाभाव नाही, फरक वेळेचा आहे. पैसे परत देणे हा अ‍ॅमेझॉनच्या हिशेबात दोष धरला जात नाही. दोष धरला जातो तो तीन गोष्टींचा : एक किंवा दोन तारे असलेला सेलर फीडबॅक, ए-टू-झेड गॅरंटीखालचा (म्हणजे ग्राहकाने पैसे परत मिळावेत म्हणून थेट अ‍ॅमेझॉनकडे केलेला) क्लेम आणि ग्राहकाने बँकेमार्फत उलटवलेले कार्डाचे पेमेंट. तुमच्या पहिल्या ग्राहकाला क्लेम करण्याआधी पैसे मिळाले, म्हणून नोंद झाली नाही. दुसऱ्याने आधी क्लेम टाकला आणि मग तुम्ही पैसे दिले. पैसे तेवढेच गेले, पण क्लेम पडल्यावर विक्रेत्याने स्वतःहून रिफंड दिला तरी तो क्लेम मोजला जातो. ग्राहकाने क्लेम मागे घेतला, अ‍ॅमेझॉनने तो फेटाळला किंवा त्याची भरपाई स्वतःच्या खिशातून केली, तरच तो मोजणीतून सुटतो.

आता आकडे पाहा. हा दर 60 दिवसांच्या ऑर्डरींवर काढतात आणि तो 1 टक्क्याच्या आत असावा लागतो. त्या 60 दिवसांत तुमच्या 180 ऑर्डरी झाल्या असतील, तर एका दोषाने दर 0.56 टक्के होतो आणि दुसऱ्याने 1.11. म्हणजे लहान विक्रेत्याच्या हाती चूक करायला एकच संधी असते. 2,000 ऑर्डरी करणाऱ्याला 19 दोष झाले तरी तो हद्दीतच राहतो. हे गणित लहान विक्रेत्यावर अन्याय करते असे आमचे ठाम मत आहे, पण नियम तोच असल्यामुळे त्याच्या आतच काम करावे लागते. एक बाब तुमच्या बाजूची : एकाच ऑर्डरवर क्लेमही आला आणि वाईट फीडबॅकही आला, तरी दोषी ऑर्डर एकच धरतात.

मोजणी क्लेमच्या नव्हे, ऑर्डरच्या तारखेवर चालते. त्यामुळे दर खाली यायला ती ऑर्डर 60 दिवसांच्या पट्ट्यातून बाहेर पडावी लागते किंवा मधल्या काळात चांगल्या ऑर्डरींची भर पडावी लागते.

यावर उपाय एकच : ग्राहकाच्या निरोपाला 48 तासांच्या आत उत्तर द्या. विक्रेत्याला लिहिल्यावर तेवढा वेळ वाट पाहून ग्राहकाला क्लेमचा रस्ता खुला होतो. शनिवारी रात्री आलेला निरोप सोमवारी दुकान उघडल्यावर वाचू म्हणाल, तर 48 पैकी बरेच तास निघून गेलेले असतील. गळलेल्या बरणीचा फोटो मागवा, पण फोटो येईपर्यंत रिफंड रोखून धरू नका. 250 रुपयांच्या बरणीसाठी हट्ट धरला, तर 60 दिवस डोक्यावर टांगती तलवार राहते. 'मॅनेज ऑर्डर्स'मध्ये ती ऑर्डर उघडा, 'रिफंड ऑर्डर' दाबा, खरे कारण निवडा, रक्कम भरा आणि ग्राहकाला दोन ओळींत कळवा. निम्मे पैसे परत द्यायचे असतील तर ग्राहकाची संमती आधी निरोपातच लेखी घ्या. न विचारता अर्धे पैसे पाठवले की चिडलेला ग्राहक उरलेल्या अर्ध्यासाठी क्लेम करतो आणि तो मोजला जातो.

आणि मुळात बरणी गळू नये. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, उभ्या गाडीत त्याहून वर. बरणीतली हवा फुगते, मसाल्यातले तेल पातळ होऊन वर येते आणि नुसत्या फिरकीच्या झाकणातून झिरपते. झाकणाखाली इंडक्शन सील (बरणीच्या तोंडावर उष्णतेने चिकटणारी फॉइल) लावा, झाकणावरून टेप फिरवा, बरणी बंद प्लास्टिक पिशवीत घाला आणि मगच बबल रॅप. बरणी गच्च न भरता वर बोटभर जागा सोडा.

ग्राहकाने एक तारा दिला. 'पैसे परत देतो, तारा काढा' असे सांगितले तर चालेल का? – महाल

अजिबात नाही. रिफंडच्या बदल्यात फीडबॅक बदलायला सांगणे हा नियमभंग आहे, आणि तुमचा निरोप अ‍ॅमेझॉनच्या यंत्रणेत जसाच्या तसा राहतो. एका ताऱ्यापायी अख्खे खाते धोक्यात घालू नका. आधी कोणतीही अट न घालता तक्रार सोडवा. ती मिटली की पुष्कळ ग्राहक आपणहून फीडबॅक काढतात. त्या फीडबॅकमध्ये शिवीगाळ असेल, कुणाची खासगी माहिती असेल किंवा सगळा मजकूर तुमच्या सेवेऐवजी वस्तूबद्दलच असेल, तर तो काढण्याची विनंती थेट अ‍ॅमेझॉनकडे करता येते.

साडीचा स्टॉक संपला होता, म्हणून पाठवण्याआधीच ऑर्डर रद्द करून पैसे परत दिले. याचाही दोष लागतो का? – गांधीबाग

लागतो, पण दुसऱ्या हिशेबात. पाठवण्याआधी विक्रेत्याने रद्द केलेल्या ऑर्डरींचा दर अ‍ॅमेझॉनवर वेगळा मोजतात आणि तो 2.5 टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. ग्राहकाने ऑर्डरच्या पानावरून स्वतः रद्द करायला सांगितले असेल, तर ती त्यात येत नाही. म्हणून फोनवर 'नको' म्हणणाऱ्या ग्राहकाला तिथूनच विनंती टाकायला सांगा. दुकानातली शेवटची साडी काउंटरवर विकली गेली की त्याच मिनिटाला ऑनलाइन साठा शून्य करा. गांधीबागेत एकच माल दोन्हीकडे विकणाऱ्यांची गाडी इथेच अडते.

हातमागाच्या सतरंज्या ईबेवरून परदेशी पाठवते. तिथले नियम असेच आहेत का? – धरमपेठ

तत्त्व तेच, मापे वेगळी. ईबेवर दोन गोष्टी दोष ठरतात : माल नाही म्हणून तुम्ही रद्द केलेली विक्री, आणि तुम्ही न सोडवल्यामुळे ईबेला तुमच्या विरोधात निकाल देऊन बंद करावी लागलेली तक्रार. पहिला दर 2 टक्क्यांच्या आत हवा. दुसरा फक्त 0.3 टक्के, आणि जपायचा तो हाच. 'माल मिळाला नाही' अशी तक्रार आली की कामाचे तीन दिवस तुमच्या हाती असतात. तेवढ्यात पैसे परत दिले तर दोष लागत नाही. चौथ्या दिवशी ग्राहक ईबेला मध्ये बोलावू शकतो. मूल्यमापन दर महिन्याच्या 20 तारखेला होते. तीन महिन्यांत 400 व्यवहार नसतील तर मागचे पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमची चूक वर्षभर सोबत राहते. टपालाचा ट्रॅकिंग क्रमांक त्याच दिवशी टाकत जा.

परत आलेल्या खोक्यात आमची नवी वस्तू नसून जुनी, वापरलेली निघाली. अशा वेळी रिफंड नाकारावा का? आणि परत दिलेल्या पैशांवरचा जीएसटी बुडाला का? – सीताबर्डी

सरसकट नकार देऊ नका. माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीतल्या वर्णनापेक्षा वेगळा असेल, तर तो परत घ्यायला नकार देता येत नाही, असे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 सांगतात. तुमचे प्रकरण वेगळे आहे, पण ते पुराव्याने सिद्ध करावे लागेल. खोके फोडतानाचा सलग, न कापलेला व्हिडिओ घ्या. त्यात पार्सलवरचे लेबल, सील, वजन आणि वस्तूचा अनुक्रमांक दिसू द्या. पाठवतानाही अनुक्रमांकाचा फोटो काढलेला असेल तरच तुलना होते. अ‍ॅमेझॉनवर अशा नुकसानीसाठी सेफ-टी क्लेम, म्हणजे विक्रेत्याने अ‍ॅमेझॉनकडे करायचा भरपाईचा अर्ज, टाकता येतो. ए-टू-झेडचा निकाल विरोधात गेला तर निकालापासून 30 दिवसांत अपील करा. अपील मान्य झाले की तो दोषही पुसला जातो.

जीएसटी बुडत नाही. त्या बिलावर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) काढा आणि विवरणपत्रात दाखवा. त्याची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत असते, वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले असेल तर त्या तारखेपर्यंत. अ‍ॅमेझॉनसारखी मार्केटप्लेस तुमच्या विक्रीच्या रकमेतून कापते तो टीसीएस हा कर 10 जुलै 2024 पासून 0.5 टक्के आहे आणि तो परत आलेला माल वजा करूनच लागतो. दर महिन्याला मार्केटप्लेसच्या अहवालातले रिटर्न आणि तुमच्या क्रेडिट नोटा जुळवा. तफावत राहिली तर ती पुढे नोटिशीच्या रूपाने समोर येते.