वाचकांचे प्रश्न : कॉमन मोड चोक निवडताना

प्रश्न : मडगावात माझे छोटे वर्कशॉप आहे. मी बनवलेला 24 व्होल्ट, 5 अँपिअरचा एसएमपीएस (वेगाने चालू-बंद होऊन वीज बदलणारा स्विचिंग वीजपुरवठा) 65 किलोहर्ट्झवर चालतो. तो सुरू केला की शेजारी मीडियम वेव्हवर आकाशवाणी पणजी ऐकताना खरखर येते. जुन्या बोर्डावरचा 1 मिलिहेन्रीचा कॉमन मोड चोक (एकाच कोअरवर दोन वाइंडिंग असलेले, दोन्ही तारांत एकाच दिशेने येणारा नॉइज अडवणारे कॉइल) इनपुटला लावला, तरी फरक पडला नाही. योग्य चोक कसा निवडावा?

उत्तर : आपण चोक लावला, पण त्याच्या जोडीला वाय कॅपॅसिटर (पुरवठ्याची तार आणि अर्थ यांमध्ये लावायचा सुरक्षित प्रकारचा कॅपॅसिटर) लावल्याचा उल्लेख आपल्या पत्रात नाही, आणि माझ्या मते अडचणीचे मूळ तिथेच आहे. स्विचिंग ट्रान्झिस्टरच्या हीटसिंकपासून आणि ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधून जी नकळत कपॅसिटन्स तयार होते, तिच्यावाटे खरखर निर्माण करणारा हा नॉइज फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांत एकाच दिशेने शिरतो व अर्थमार्गे परततो. ही कपॅसिटन्स 100 पिकोफॅरड धरली, तर आपल्या 1 मिलिहेन्रीच्या चोकशी तिचा रेझोनन्स (दोघांचा मेळ बसून दोलन वाढते ती फ्रिक्वेन्सी) 500 किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे मीडियम वेव्हच्या उंबरठ्यावर येतो. तेथे चोक नॉइज अडवण्याऐवजी वाढवूही शकतो. म्हणून एसएमपीएसच्या बाजूला फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे 2.2 नॅनोफॅरडचे दोन वाय-2 कॅपॅसिटर लावून नॉइजला जवळचा परतीचा मार्ग द्यावा. 230 व्होल्टला प्रत्येकातून सुमारे 0.16 मिलिअँपिअर गळती होते, ती मर्यादेत राहते. साधा सिरॅमिक कॅपॅसिटर येथे कदापि वापरू नये, कारण तो शॉर्ट झाला आणि अर्थिंग सुटलेले असले, तर उपकरणाच्या धातूच्या पेटीला हात लावणाऱ्याला विजेचा झटका बसेल. आपल्याकडे जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते, तेव्हा अर्थिंगही तपासून घ्यावे.

आता चोक. 10 मिलिहेन्रीचा चोक घेतल्यास या दोन कॅपॅसिटरांसह फिल्टरची सीमा (जिच्या वरचा नॉइज तो अडवू लागतो ती फ्रिक्वेन्सी) सुमारे 24 किलोहर्ट्झवर, म्हणजे 65 किलोहर्ट्झच्या बरीच खाली येते. मात्र दुकानदार सांगतो त्या मिलिहेन्रीच्या आकड्यावर विसंबू नये. आपल्याला नको असलेल्या फ्रिक्वेन्सीला चोकचा इंपीडन्स (एसी धारेला होणारा अडथळा) किती, हे उत्पादकाच्या आलेखावर पाहावे, कारण वाइंडिंगच्या स्वतःच्या कपॅसिटन्समुळे एका मर्यादेनंतर तो इंपीडन्स घसरू लागतो. मीडियम वेव्हसाठी मँगनीज-झिंक फेराइटचा कोअर योग्य. एफएमवर त्रास असता तर निकेल-झिंक घ्यावा लागला असता. नॅनोक्रिस्टलाइन कोअर कमी वेढ्यांत जास्त इंडक्टन्स देतो, पण महाग असतो आणि आपल्या कामाला त्याची गरज नाही.

विद्युतधारेचे रेटिंग ठरवताना लोक हमखास चुकतात. आपले आउटपुट 120 वॉटचे आहे. कार्यक्षमता 85 टक्के आणि पॉवर फॅक्टर 0.6 धरला, तर 230 व्होल्टला सुमारे 1 अँपिअर आणि व्होल्टेज 180 पर्यंत उतरल्यास 1.3 अँपिअर लागतो. बंद पेटीतली उष्णता लक्षात घेऊन 2 अँपिअरचा, 250 व्होल्ट एसीचा चोक घ्यावा.

जोडताना वाइंडिंगची दिशा उलटी झाली, तर लोडची धारा कोअरला सॅच्युरेट करते, म्हणजे त्याची चुंबकीय क्षमता संपवते, आणि फिल्टर निकामी होतो. पडताळण्यासाठी चोक सर्किटपासून मोकळा करून, लोडच्या बाजूची दोन्ही टोके एकमेकांना जोडावीत आणि पुरवठ्याच्या बाजूच्या दोन टोकांमध्ये एलसीआर मीटर (इंडक्टन्स मोजणारे उपकरण) लावावा. दिशा बरोबर असेल, तर इंडक्टन्स मूळ आकड्याच्या साधारण एक-दोन टक्के दिसतो. ही उरलेली गळतीची इंडक्टन्स फेज व न्यूट्रल यांमध्ये लावलेल्या 0.1 मायक्रोफॅरडच्या एक्स कॅपॅसिटरसह दोन तारांमधला, म्हणजे एका तारेतून जाऊन दुसरीतून परतणारा, डिफरन्शियल नॉइजही थोडा कमी करते.

चोक पुरवठ्याची तार पेटीत शिरते तेथेच बसवावा आणि त्याच्या आधीच्या व नंतरच्या तारा एकमेकींलगत नेऊ नयेत, नाहीतर नॉइज चोकला वळसा घालून बाहेर पडतो. एवढे करूनही खरखर राहिली, तर 24 व्होल्टच्या आउटपुटच्या दोन्ही तारा एकत्र एका फेराइट रिंगमधून तीन-चार वेढे देऊन न्याव्यात; त्याने खरखर कमी झाली, तर नॉइज त्या बाजूने बाहेर पडतो आहे असे समजावे आणि तेथेही एक चोक बसवावा.