जुन्या रिमोट गाड्या: आधी बॅटरी काढा, मग प्रश्न विचारा

पावसाळा लागला की रिमोटवर चालणाऱ्या जुन्या खेळण्यातल्या गाड्यांत सेल फुटल्याचा तोच प्रश्न वेगवेगळ्या गावांतून येतो, म्हणून बाकीच्यांसोबत तोही इथेच घेतो.

मडगाव: माझ्याकडे दोन जुन्या 27 मेगाहर्ट्झच्या गाड्या आहेत. दोन्ही एकदम चालतील का?
चॅनल (रिमोटची नेमकी फ्रिक्वेन्सी) एकच असेल तर नाही. क्रिस्टल, म्हणजे चॅनल ठरवणारा छोटा भाग, बदलावा लागेल, तोही रिमोट आणि रिसीव्हर दोन्हीकडचा, जोडीनेच.

फोंडा: एकजण 1979 ची तामिया या जपानी कंपनीची सँड स्कॉर्चर ही रिमोट गाडी विकतोय, फोटो पाठवलेत, टोकन मागतोय. देऊ का?
नका देऊ. तामियाने ही गाडी 2010 मध्ये परत काढली आणि तेव्हापासून नवीच गाडी 'ओरिजिनल विंटेज' म्हणून खपवायचा धंदा जोरात आहे. जुन्या किटचा नंबर 58016, नव्याचा 58452, तो डब्यावर बघा. पण डबा जुना आणि आत माल नवा असंही करतात, त्यामुळे गाडी हातात घेऊन, उघडून, जाणत्या संग्राहकाला दाखवूनच पैसे द्या. 'उद्या दुसरा गिऱ्हाईक येतोय' म्हणाला तर येऊ दे.

म्हापसा: बाबांनी कुवेतहून आणलेली गाडी माळ्यावर होती. सेल आतच राहिले, आता पांढरी पूड दिसते. शेजारी म्हणतात तांदळात ठेवा.
तांदूळ भात करायला ठेवा! ही पूड दमटपणाची नाही, सेल फुटून बाहेर आलेल्या क्षाराची आहे. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, ते पत्र्याच्या पट्ट्या खातं आणि वायरीच्या आतून सरकत सर्किटपर्यंत जातं, वरून वायर चांगली दिसते पण आत तांबं काळं पडलेलं असतं. आपल्याकडे दमट हवा आणि खारा वारा, त्यात पट्टी एकदा उघडी पडली की गंज थांबत नाही. गोव्यात गल्फमधल्या नाहीतर बोटीवरच्या माणसांनी आणलेल्या किती गाड्या अशाच माळ्यावर मेल्यात, आणि कारण काय तर सेल काढायला दोन मिनिटं दिली नाहीत. चवथीला साफसफाई करताना बघू म्हणू नका, आजच बघा. हातमोजे आणि चष्मा घाला, सेल काढा, कापूस व्हिनेगरमध्ये किंचित ओला करून पट्टी पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकवा. लगेच नवे सेल घालून चालू करून बघू नका, आधी इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरवाल्याकडून वायरी तपासून घ्या. आत निकेल कॅडमियमचा रिचार्जेबल पॅक असेल तर स्वतः हात लावूच नका, कॅडमियम विषारी असतं, पोरांना लांब ठेवा आणि तो पॅक कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. रिमोटमधले सेलही काढा, ते सगळेच विसरतात.

वास्को: जुन्या गाडीला लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी लावली तर जास्त पळेल असं दुकानदार म्हणतो.
पळेल, आणि तो बॅटरी विकून मोकळा होईल. जुन्या मेकॅनिकल स्पीड कंट्रोलला कटऑफ (व्होल्टेज उतरलं की आपोआप बंद करणारी सोय) नसतो, लायपोचा सेल 3 व्होल्टच्या खाली गेला की खराब होतो, फुगतो, पुढच्या चार्जिंगला आग लागू शकते. 7.2 व्होल्टचा निकेल मेटल हायड्राइड पॅक लावा आणि चार्जर त्याच जातीचा आहे ना ते विचारून घ्या.

साखळी: पांढरी बॉडी पिवळी पडलीय. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवायचं म्हणतात, खरं का?
रंग उजळतो, पण डाग राहतात, पिवळेपणा परत येऊ शकतो, आणि जुने स्टिकर गेले तर गेलेच. दुर्मिळ बॉडीवर अजिबात नको. करायचंच असेल तर आधी आतल्या बाजूला छोट्या जागी करून बघा आणि ज्याने खरंच केलंय अशा माणसाला विचारा.

पणजी: माझ्याकडे सँड स्कॉर्चर आहे. मुलाला मिरामारच्या वाळूत चालवायला देऊ का?
पुन्हा काढलेली असेल तर द्या, पण ओल्या वाळूत नको, आणि घरी आल्यावर बेअरिंग साफ करा. 1979 ची असेल तर नको. खाऱ्या वाळूने बेअरिंग आणि स्क्रू जातात आणि जुने पार्ट सहज मिळत नाहीत. नक्की कुठली आहे ते माहीत नसेल तर आधी कुणाला तरी दाखवा.