गाईडसोबतच्या हिमालयीन ट्रेकमध्ये कॅम्पिंग खरंच शिकता येतं का?

येतं, पण मागून घ्यावं लागतं. बहुतेक ट्रेकमध्ये आपण पोचेपर्यंत तंबू लागलेले असतात, चहाही तयार असतो. म्हणून पहिल्याच दिवशी गाईडदादांना सांगा, ‘तंबू मी लावतो, तुम्ही चुका दाखवा.’ जागा कशी निवडतात हे खोदून खोदून विचारा: ओढ्याच्या कोरड्या पात्रात का नाही, दगड सुटणाऱ्या उताराखाली का नाही. शौचाचा खड्डा वीतभर खोल, पाण्यापासून ६० मीटर लांब. २००० मीटरच्या वर पिण्याचं पाणी ३ मिनिटं खळखळून उकळायचं. थंडी कितीही असो, बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच जीव जातो. पक्का पाया हवा असेल तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स करा.