हॉस्पिटलचा स्टाफ एनएबीएचला एवढा का वैतागतो? त्याचा खरंच काही उपयोग होतो का?

तुमच्या छोट्या हॉस्पिटलने एनएबीएचची, म्हणजे हॉस्पिटलचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या मान्यतेची, तयारी सुरू केलीय आणि सिस्टर, आरएमओ (निवासी डॉक्टर) सगळेच कुरकुर करतायत, हे सगळीकडेच असतं का असं तुम्ही विचारलंय. मी आधी आयसीयूत स्टाफ नर्स होते, आता इन्फेक्शन कंट्रोल बघते, त्यामुळे सांगते, हो, जवळपास सगळीकडेच असतं. पण म्हणून स्टाफला क्वालिटी नको असते हे मला अजिबात पटत नाही.

मुळात होतं काय, की मॅनेजमेंटला सर्टिफिकेट हवं असतं, सीजीएचएसमध्ये (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेत) दर जास्त मिळतो, बाहेर बोर्ड लावता येतो. आणि एनएबीएचच्या नियमांच्या २०२० च्या पाचव्या आवृत्तीतच ६५१ ऑब्जेक्टिव्ह एलिमेंट, म्हणजे तपासायचे मुद्दे, होते, त्यातले बरेचसे कागद येतात नर्सिंगच्या गळ्यात. रात्री वॉर्डात एकच सिस्टर, तिने पेशंट बघायचे की पेन स्कोअर (दुखणं किती), फॉल रिस्क (पडण्याचा धोका), बेडसोअरचे फॉर्म भरायचे? कन्सल्टंट फोनवर ऑर्डर देतात, ती लिहून घेते, वाचून दाखवते, आणि मग दुसऱ्या दिवशी सहीसाठी त्यांच्या मागे मागे तिनेच फिरायचं. चिडणारच ना ती!

आता उपयोगाचं. पोटॅशियम क्लोराइडचा अँप्युल घ्या, आतलं औषध पाण्यासारखं स्वच्छ, डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी ट्रेमध्ये पडला तर गडबडीत पटकन फरक कळत नाही, आणि डायल्यूट न करता सरळ शिरेत गेला तर पेशंटचं हार्ट बंद पडू शकतं. आमच्याकडे तयारी सुरू झाल्यावर तो ट्रेमधून काढून कुलपात ठेवला, लाल लेबल लावलं, आणि देताना दोघींनी बघून सही करायची असं ठरलं. सुरुवातीला सगळ्या वैतागल्या, रात्री दुसरी आणायची कुठून म्हणून. मग एका नवीन सिस्टरने सही करता करता अँप्युल चुकीचा आहे हे ओळखलं आणि स्वतःहून निअर मिसचा, म्हणजे थोडक्यात टळलेल्या चुकीचा, फॉर्म भरला. मेट्रन मॅडमनी कुणालाही मेमो दिला नाही, दोन्ही औषधांची कपाटंच वेगळी केली आणि रात्री शेजारच्या वॉर्डची सिस्टर सहीला येईल असं लेखी काढलं. त्यानंतर बाकीच्या पण फॉर्म भरायला लागल्या. मला विचाराल तर अ‍ॅटिट्यूड बदलला तो तिथे, ट्रेनिंगच्या पीपीटीने नाही.

मावशी-मामांना, म्हणजे वॉर्डातल्या मदतनिसांना, काय कळतंय असं तर अजिबात धरून चालू नका. एनएबीएचकडून तपासायला आलेल्या असेसरने आमच्या मावशींना विचारलं, रक्त सांडलं तर काय करता, त्यांनी ग्लोव्हज घातले, वर कागद टाकला, हायपोक्लोराइट (जंतुनाशक) ओतलं, थांबल्या आणि सगळं उचलून पिवळ्या पिशवीत टाकून दाखवलं, न अडखळता. कारण त्यांना कुणीतरी नीट, मराठीत, हाताने करून शिकवलं होतं.

तुम्हाला काही सुचवता येत असेल तर फॉर्म ठरवणाऱ्या कमिटीत वॉर्डातल्या एक-दोन सिस्टर घ्यायला लावा, एकच माहिती तीन ठिकाणी लिहायला लागते ते त्या लगेच दाखवून देतील. आणि असेसमेंटच्या आधी रात्र रात्र बसवून जुन्या फाइलींवर मागच्या तारखेच्या सह्या कुणाकडूनही घेऊ नका. असं करायला लावलं की स्टाफचा उरलासुरला विश्वास जातो, आणि त्यांनी नुसते कागदी घोडे म्हटलं तर त्यात त्यांचं काय चुकलं?