तेलविहीर, गरम पाणी आणि केमिस्टची नोकरी

प्रश्न: मी बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पाण्याचं विश्लेषण हा माझा आवडीचा भाग. बंद पडलेल्या तेलविहिरींतून भूऔष्णिक ऊर्जा, म्हणजे जमिनीखालची उष्णता, काढतात हे वाचल्यापासून त्यातच काम करावंसं वाटतंय. बाबा म्हणतात, ते इंजिनिअरांचं काम, केमिस्टला तिथे कोण विचारतो? एमएस्सी सोडून पेट्रोलियम इंजिनिअरिंगकडे वळू का?

उत्तर: या कारणासाठी तरी वळू नकोस. बाबांचं निम्मं खरं आहे. विहीर खोदणं, टर्बाइन बसवणं हे इंजिनिअरच करणार. पण खाली उष्णता किती आहे याचा पहिला अंदाज आणि विहीर पुढे तुंबेल का याचं उत्तर, दोन्ही पाण्याच्या विश्लेषणातून येतात.

उदाहरण घे. पाणी जितकं गरम, तितकी खडकातली सिलिका त्यात जास्त विरघळते, म्हणून सिलिकेवरून तापमान काढता येतं. समज, पाण्यात किलोमागे 100 मिलिग्रॅम सिलिका सापडली. भूरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट फोर्नियर यांचं 1977 मधलं क्वार्ट्झचं सूत्र लावलं, तर खालचं तापमान येतं सुमारे 137 अंश सेल्सिअस. पण तिथल्या पाण्याचा समतोल क्वार्ट्झशी नसून कॅल्सेडनी या सिलिकेच्याच दुसऱ्या रूपाशी असेल, तर त्याच आकड्यातून निघतात 110 अंश. वीज करायची की नुसती उष्णता वापरायची, हा निर्णय या फरकात अडकू शकतो. सूत्र कोणीही कॅल्क्युलेटरवर मांडेल. कोणतं लावायचं हे ठरवायला खनिजं कळावी लागतात.

तेलक्षेत्रातलं पाणी आणखी खट्याळ. त्यात ॲसिटेटसारखे सेंद्रिय आम्लांचे आयन असतात. बायकार्बोनेट मोजायला तू नेहमीचं टायट्रेशन केलंस की तेही आम्ल खातात आणि बायकार्बोनेटच्या खात्यावर जमा होतात. आकडा फुगतो, आणि कॅल्साइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा, थर किती बसेल हा त्यावर बेतलेला अंदाजही चुकतो. हा अंदाज महत्त्वाचा, कारण पाणी वर येताना दाब उतरतो, कार्बन डायऑक्साइड निसटतो, सामू (पीएच) वाढतो आणि बुडबुडे सुटू लागतात तिथेच पाइपच्या आतून कॅल्साइटचा थर धरतो. म्हणून थर रोखणारं रसायन बारीक नळीने त्या खोलीच्याही खाली सोडतात. कोणतं रसायन, किती, आणि तेवढ्या तापमानाला ते टिकेल का, हे केमिस्टलाच सांगावं लागतं. बेरियम असलेलं पाणी आणि सल्फेट असलेलं पाणी एकत्र आलं की बराइटचा, म्हणजे बेरियम सल्फेटचा, थर बसतो, तो वेगळाच. त्यात रेडियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य अडकलं तर थर किरणोत्सर्गी होतो आणि साफसफाईचे नियमच बदलतात.

आता थोडं थंड पाणी ओततो. जुन्या तेलविहिरींवरच सगळं करिअर लावू नकोस. जमिनीखाली दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंश वाढतात, म्हणजे तीन किलोमीटरच्या विहिरीत जेमतेम शंभरीच्या आसपास. शिवाय तेलासाठी बसवलेले पाइप अरुंद, केसिंग (विहिरीच्या भिंतीला आतून लावलेला पोलादी पाइप) गंजलेलं, सिमेंट जुनं. अमेरिकेत वायोमिंगमधल्या टीपॉट डोम तेलक्षेत्रात 2008 मध्ये तेलाबरोबर येणाऱ्या गरम पाण्यावर वीजसंच चालवून दाखवला, तो 250 किलोवॅटचा. होतं हे सिद्ध झालं, पण आकार लक्षात घे. माझ्या मते अशा विहिरींचा खरा उपयोग विजेपेक्षा थेट उष्णतेसाठी आहे. विहिरीत बंद नळी सोडून तेच पाणी फिरवत ठेवायची पद्धतही आहे. तिथे खालच्या पाण्याशी संबंधच येत नाही, म्हणून केमिस्टला काम कमी, आणि उष्णताही बेताचीच मिळते.

म्हणून कौशल्य रुंद ठेव. गरम, खारट पाण्याचं रसायनशास्त्र येणारा माणूस भूऔष्णिक केंद्रात लागतो, तेल कंपन्यांच्या सांडपाण्यावर लागतो, खाऱ्या पाण्यातून लिथियम काढणाऱ्यांना लागतो, आणि आइसलँडमधल्या कार्बफिक्ससारख्या, कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये मुरवणाऱ्या प्रकल्पांनाही लागतो.

एमएस्सी ॲनालिटिकल किंवा जिओकेमिस्ट्रीत कर. दोन्हींत थर्मोडायनॅमिक्स टाळू नकोस, ते टाळणारे पुढे अडतात. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचं ‘पीएचआरईईक्यूसी’ (PHREEQC) हे पाण्यातल्या रासायनिक समतोलाचं गणित करणारं सॉफ्टवेअर मोफत आहे, ते आताच उतरवून घे. एखाद्या शोधनिबंधातलं पाण्याचं विश्लेषण उचल आणि आधी धन आणि ऋण आयनांचे एकूण भार जुळतात का, हा ताळा कर. पाच टक्क्यांहून जास्त तफावत दिसली तर पुढचं गणित थांबव आणि चूक शोध. ताळा जमला तर कोणतं खनिज कोणत्या तापमानाला बाहेर पडेल ते काढ. मुलाखतीत प्रमाणपत्रांच्या चळतीपेक्षा असं एक काम जास्त बोलतं.

नमुने घेण्याची संधी मिळाली तर सोडू नकोस. सामू जागेवरच मोजायचा, धातूंसाठीचा नमुना गाळून त्यात नायट्रिक आम्ल घालायचं, सिलिका जास्त असेल तर ती बाटलीत साकळण्याआधी पाणी घालून विरळ करायची. हे हाताला एकदा लागलं की लागलं. आइसलँडचा ‘ग्रो’ भूऔष्णिक प्रशिक्षण कार्यक्रम नावाजलेला आहे, पण तो विकसनशील देशांतल्या, या क्षेत्रात आधीच काम करणाऱ्यांसाठी असतो. तो नोकरीनंतरचा विचार.

इंजिनिअरांकडून एक गोष्ट मात्र शिकून घे, विहिरीचा जुना रिपोर्ट वाचायला. केसिंग कुठपर्यंत आहे, पाणी आत यायला केसिंगला छिद्रं कोणत्या खोलीला पाडली आहेत, कोणता थर सिमेंटने बंद केला आहे. बाटलीतलं पाणी नेमकं कुठल्या थरातलं आहे, हे त्या कागदावरूनच समजतं.